बुढीचं स्टेरिंग

कोंढ्याच्या पंचफुला रामटेकेला जे येत होतं ते येतं, असं ती चारचौघांत ठणकावून सांगायची, आणि जे येत नव्हतं ते येत नाही, हेही त्याच आवाजात सांगायची. त्यामुळे गावात तिच्या वाटेला सहसा कोणी जात नसे. बाजारात वांगं हातात घेऊन तिने नुसतं फिरवलं तरी विकणारा स्वतःच म्हणायचा, "ठेव बाई, दुसरं देतो."

तिचं माहेर आंधळगावचं. बाप धनीराम तुमसरकडच्या एका राइसमिलमध्ये फिटर होता. लहानपणी पंचफुला त्याचा डबा घेऊन मिलवर जायची. इंजिनाच्या धडधडीत बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून धनीराम पोरीचा हात धरून सरळ यंत्राच्या अंगावर ठेवायचा. शाफ्ट नीट फिरत असला की हाताला एक गोड थरथर लागायची. शाफ्ट ज्या धातूच्या कड्यात फिरतो ती बुश झिजली असली की त्या थरथरीत मधूनच एक ठोका यायचा. धनीराम भुवया उडवून विचारायचा, समजलं का? पोरगी मान डोलवायची. मग तो जेवायला बसायचा.

धनीराम वारला तेव्हा भावांनी शेत वाटून घेतलं. पंचफुला म्हणाली, "मले बाची पेटी द्या." पत्र्याच्या त्या पेटीत पाने होते, कानशी होत्या, मिलमधून निकामी झालेल्या जुन्या बुशी होत्या. भावांना हसू आलं, पण त्यांनी दिली. ती पेटी कोंढ्याला आली आणि धानाच्या कणगीमागे पडून राहिली.

नवरा सुखराम ड्रायव्हर. जंगलाच्या एका ठेकेदाराकडे त्याने उभी जवानी काढली. त्याच्या हाताखालचा ट्रक दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचा, फौजेने डिस्पोजलमध्ये काढलेला. नाक लांब, दिवे डोळे वटारल्यासारखे, आणि चढावर असा आवाज करायचा की अर्ध्या कोसावरून कळावं कोण येतंय. ठेकेदाराने नवीन गाड्या घेतल्या तेव्हा हा म्हातारा ट्रक सुखरामच्याच पदरात घातला. सुखराम त्याला बुढी म्हणायचा. पंचशीलाच्या झेंड्याच्या ओट्यापलीकडे चिंचेखाली बुढी उभी राही, आणि सकाळी सुखराम तिच्या नाकावर थाप मारून म्हणे, "चाल वो बुढे, उन्ह निंगालं." सुगीत ती धान घेऊन मिलांकडे जाई, उन्हाळ्यात तेंदूपानाची पोती ओढी. घर तिच्यावर चालत होतं.

त्या बुढीच्या स्टेरिंगची पेटी गळत होती. पुढच्या उजव्या चाकाच्या आत, चॅसीला बोल्ट मारलेली ती ओतीव लोखंडाची पेटी. ड्रायव्हर वरून चाक फिरवतो, खाली पेटीतली मळसूत्री फिरते, तिच्या दात्यांनी आडवा शाफ्ट हलतो आणि शाफ्टला लागलेला आर्म पुढची चाकं वळवतो. सगळा खेळ तेलात बुडालेला हवा. पण शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे तेल अडवायला बसवलेल्या वॉशरमधून ते निथळायचं, आणि चिंचेखालची माती काळी पडलेली असायची.

"ऑइल टिकूनच नाई राहिलं," सुखरामने पवनीच्या भय्याजी मेस्त्रीला सांगितलं.

भय्याजी चांगला माणूस होता, पण त्याच्या दारात गाड्यांची रांग असायची. "मंग ऑइल टाकतेसच कायले?" तो म्हणाला. "गिरीस मार. गिरीस गळत नाई."

ग्रीस गळत नाही हे खरंच होतं. गळणं थांबलं. माती पुन्हा माती दिसू लागली आणि सुखराम खूश झाला. पंचफुलेने मात्र एकदा खिडकीतून हात घालून उभ्या गाडीचं चाक हलवून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे जड झालं."

"बुढी झाली, जड होनारच," सुखराम म्हणाला.

"अवो, मानूस बुढा झाला तं जड होते. लोखंड काहून होईन?"

सुखराम हसला. बोलणं तिथेच राहिलं.

अठ्ठ्याहत्तरच्या सुगीत ते घडलं. सुखराम धानाची पोती घेऊन लाखांदूरच्या अंगाने येत होता. वाटेत एका मोठ्या तलावाची पाळ लागते आणि रस्ता त्या पाळीवरूनच जातो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं. पाळ जिथे वळते तिथे पाण्याच्या कडेने समोरून गावातलीच बेबीबाई येत होती. डोक्यावर गवताचा भारा, कमरेला विळा. सुखरामने तिला लांबूनच पाहिलं, वळण घ्यायला चाक फिरवलं. गाडी वळू लागली. मग त्याने चाक परत सरळ करायला घेतलं आणि ते सरळ होईना.

आतून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं ते अडकलं. त्याने दोन्ही पाय ब्रेकवर दिले आणि सगळं अंग चाकावर टाकलं. बुढी तशीच वळत बेबीबाईच्या अंगावर निघाली. बेबीबाईने भारा फेकला आणि पाण्यात उडी घेतली. त्याच क्षणी काहीतरी कटकन सुटलं, चाक उलटं गर्रकन फिरलं, त्याच्या आऱ्याने सुखरामचं मनगट मोडलं आणि बुढी दुसऱ्या अंगाने घसरत खाली बांधीत जाऊन चिखलात नाक खुपसून उभी राहिली.

बेबीबाई कमळाच्या देठांत गुरफटलेली, पाणी थुंकत वर आली. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण तिच्या तोंडातून जे निघालं ते बांधीतल्या कापणीवाल्यांनी पुढे कितीतरी दिवस एकमेकांना ऐकवलं.

ट्रॅक्टर लावून बुढीला ओढून काढलं, चिंचेखाली आणून उभं केलं. सुखरामच्या हाताला प्लास्टर लागलं. गावात आवई उठली की सुखराम पिऊन होता. सुखराम आयुष्यात प्यायला नव्हता. विड्या ओढायचा, एवढंच. पण त्याने कोणालाही उलटून काही म्हटलं नाही. पंचफुलेला त्याचंच नवल वाटलं. तो घराच्या ओट्यावर बसून राही, बुढीकडे पाहत नसे. चांगला हात पुढे धरून मूठ उघडे आणि मिटे.

एके दिवशी तो म्हणाला, "भंगारात देऊन टाकू."

"काहून?"

"माह्या हातातला जोर गेला, पंचफुला. चाक माह्याच्यानं फिरलं नाई. ती बाई मेली असती." चांगल्या हाताची मूठ मिटून तो म्हणाला, "मी चाकावर बसनार नाई आता."

पंचफुला त्याच्याकडे पाहत राहिली. जंगलातल्या नाल्यांतून, चिखलातून, रात्री दिवे गेलेले असताना ज्या माणसाने गाडी घरी आणली होती, तो हा माणूस. त्याच्या हातातला जोर एका दुपारी गेला हे तिला पटेना. तिने लुगड्याचा काष्टा खोचला, कणगीमागून बापाची पेटी ओढून काढली आणि चिंचेखाली नेऊन आपटली.

"का करून राहिली?" सुखरामने विचारलं.

"पाहीन. मंग भंगारात द्याचं का ठेवाचं ते बोलू."

"तुले का समजते त्यातलं?"

"ट्रकातलं नाई समजत," पंचफुला म्हणाली. "शाफ्ट आन बुशीतलं समजते. इथं तेवढंच हाये."

ती गाडीखाली आडवी झाली. आर्म दोन्ही हातांनी धरून तिने वरखाली हलवला. फिरायच्या दिशेने तो हलायला हवा होताच, पण हा उभाही हलत होता. शाफ्ट आपल्या भोकात डुगडुगत होता. हाताला तोच ठोका लागला, मिलमधला.

"पाहा," ती खालून ओरडली, "गळत होतं ते बरोबरच होतं! शाफ्टच डुलून राहिला, तं वायसर बिचारा का करीन? तुमी वायसरवर राग काढला."

पेटी खोलायची तर आधी आर्म शाफ्टवरून निघायला हवा. तो निमुळत्या टोकावर वर्षानुवर्षं दाबून बसलेला. नट सुटला, आर्म हलेना. बापाची पद्धत पंचफुलेला ठाऊक होती. दोन बाजूंनी दोन घण एकाच वेळी बसले की लोखंड दचकतं आणि पकड सोडतं. एक घण ती मारू शकत होती. दुसरा कोण मारणार? सुखरामचा हात गळ्यात बांधलेला. शेजारच्या दोन गड्यांनी बाईच्या हातचा घण शेजारी पडणार म्हटल्यावर काढता पाय घेतला.

नेमकी तेव्हाच बेबीबाई आली.

बेबीबाई अपघातानंतर रोज यायची. तिचा विळा तलावात गेला होता आणि तो तिच्या आईचा होता. ती झेंड्याच्या ओट्याजवळ उभी राहून सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं बोलायची आणि जायची. रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडणारी बाई. दंड असे की पुरुषांनी पाहत राहावं.

"माहा विळा कोन देईन?" तिने सुरुवात केली.

पंचफुला गाडीखालून बाहेर आली. तोंड काळं, हात काळे. "लोहाराले सांगतलं हाये, विळा भेटन. पन बेबीबाई, मले एक सांग. तुले मारून राहिलं होतं ते कोन, ते पाहाचं हाये का?"

"कोन म्हंजे? तुहा नवरा!"

"तो का दुसरं कोनी, ते या पेटीत हाये. अन ते खोलाले मले घण मारनारी पाह्यजे."

बेबीबाईने बुढीकडे पाहिलं, ओट्यावर मान खाली घालून बसलेल्या सुखरामकडे पाहिलं. मग पदर कमरेला बांधला. "आन घण."

दोघी समोरासमोर बसल्या. पंचफुला म्हणाली, "मी 'हां' म्हनलं का मार. आधी नाई, मंग नाई." पहिला घाव चुकला. दुसऱ्याला आवाज फुटका आला. बेबीबाई म्हणाली, "तू उशीर करून राहिली, मी नाई." पंचफुलेला ते मान्य करावं लागलं. पुढचे घाव एकत्र पडू लागले, आणि एका घावाला आर्म टुणकन सुटून मातीत पडला. बेबीबाई इतकी खूश झाली की विळ्याचं त्या दिवशी तिने नावच काढलं नाही.

पेटी निघाली. पंचफुलेने ती चिंचेखाली फळीवर ठेवून झाकण उघडलं. आत ग्रीस होतं, भरपूर होतं, पण सगळं कडेकडेला, वाळलेल्या शेणासारखं थापलेलं. मधली मळसूत्री कोरडी ठणठणीत. एकदा बाजूला सारलेलं ग्रीस परत वाहून आलंच नव्हतं, आणि लोखंडावर लोखंड घासून निळं पडलं होतं. तिने रॉकेलमध्ये पेटी धुतली. तळाशी, दात्यांच्या खाचेत, काहीतरी पिवळं चमकलं. सळईच्या टोकाने तिने ते उकरून काढलं. बुशीचा तुकडा. झिजून झिजून बुश फुटली होती, तिचा एक टवका दात्यांमध्ये सापडून चेपला होता, आणि त्याच्यावर दात्याचा ठसा उमटला होता, पिठावर बोट उमटावं तसा.

पंचफुला उठली. ओट्याकडे गेली. सुखरामचा चांगला हात तिने उलटा केला आणि तळव्यावर तो तुकडा ठेवला.

"हे अटकलं होतं. तुमच्या जागी दोन पयलवान बसवले असते तरी चाक असंच अटकलं असतं. तुमी जोर केला म्हून हे चेपलं अन चाक सुटलं. जोर नसता तं बेबीबाई नसती."

सुखराम त्या तुकड्याकडे पाहत राहिला. बोटाने चाचपला. बेबीबाई मागून येऊन वाकली, तिनेही पाहिलं.

"एवढंसं?" ती म्हणाली.

"एवढंसंच," पंचफुला म्हणाली.

सुखरामने मूठ मिटली. तोंड फिरवून तो झेंड्याच्या ओट्यामागच्या बुद्धविहाराकडे पाहत बसला. पंचफुला पुन्हा कामाला गेली; अशा वेळी माणसाजवळ उभं राहू नये एवढं तिला कळत होतं. संध्याकाळी तो स्वतःहून चिंचेखाली आला, खाली बसला आणि डाव्या हाताने रॉकेलमध्ये बोल्ट धुऊ लागला.

नवी बुश कुठून आणायची हा प्रश्न होता. लढाईच्या वेळच्या गाडीची बुश नागपूरच्या भंगारातही मिळेना. पंचफुला भंडाऱ्याला गेली ती कासारांच्या आळीत. सगळीकडे पितळेच्या घागरींवर हातोड्या पडत होत्या. केशवराव कासार मुशीशी बसले होते. तिने फुटकी बुश त्यांच्यापुढे ठेवली.

केशवराव म्हणाले, "बाई, मी पाण्याचे गुंड ओततो, घंटा ओततो. हे कधी ओतलं नाही."

"घंटा ओतता तं हे सोपं हाये. याले वाजाचं नाई," पंचफुला म्हणाली.

केशवरावांना हसू आलं. पण पितळेचं चालणार नव्हतं, ते लवकर झिजतं. आणि घंटेचं कांसं ठिसूळ पडलं असतं. पंचफुलेने पिशवी उपडी केली. बापाच्या पेटीतल्या जुन्या बुशी, मिलच्या, चांगल्या जातीच्या धातूच्या. "याच वितळवा. याच्यात दुसरं काई टाकू नका." केशवरावांनी एक बुश उचलून दगडावर आपटली, कान देऊन ऐकली आणि मान हलवली. माल चांगला होता. त्यांनी तिच्यासमोर मूस लावली, मातीच्या साच्यात दोन जाड नळकांडी ओतून दिली. तिथल्याच एका लेथवर ती आतून-बाहेरून कापून घेतली, आणि आतली बाजू तिने मुद्दाम केसभर तंग ठेवायला लावली.

उरलेलं काम घरचं होतं. शाफ्टला तिने डोळ्यांत घालायचं काजळ तेलात कालवून पातळ लावलं, नव्या बुशीत घालून फिरवला आणि बाहेर काढला. बुशीत जिथे काळं लागलं तिथे उंचवटा. तो तेवढाच खरवडायचा. पुन्हा काजळ, पुन्हा फिरवायचं, पुन्हा खरवडायचं. बेबीबाई बघायला बसायची. "लगीन हाये का शाफ्टाचं?" ती विचारायची. शेवटी काळा रंग बुशीत सगळीकडे सारखा लागू लागला आणि शाफ्ट असा फिरला की हाताला नुसती मऊ सरक लागावी.

आता वॉशर. शाफ्टवर जुन्या वॉशरने खाच पाडली होती. त्याच जागी नवा बसवला असता तर तेलाला वाट तयारच होती. पंचफुलेने पवनीच्या टांगेवाल्याकडून खोगिराखालचा जुना नमदा, दाबलेल्या लोकरीचा जाड तुकडा, आणला, त्याच्या चकत्या कापल्या, तेलात भिजत घातल्या, आणि एकाऐवजी दोन बसवल्या, म्हणजे एक तरी शाफ्टच्या कोऱ्या जागेवर यावी. झाकणाखाली जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा. आत दाट गिअर ऑइल. ग्रीसचा डबा तिने बेबीबाईला देऊन टाकला, रहाटाला लावायला.

सुखरामचं प्लास्टर निघालं होतं. तो बुढीजवळ उभा होता, पण दार उघडत नव्हता.

"हलवून तं पाहा," पंचफुला म्हणाली.

त्याने खिडकीतून एक हात घातला, चाकाला नुसता लावला. चाक फिरलं. तो दचकून तिच्याकडे पाहू लागला. मग दोन बोटांनी फिरवलं. मग दार उघडून वर चढला.

पंचफुला त्याच्या बाजूला बसली. बेबीबाई न विचारता मागे चढली, फळीला धरून उभी राहिली. "पालटवली तं तुले सोडत नाई, सुखराम!" ती ओरडली. सुखरामने बुढी काढली. गावाबाहेर पडेपर्यंत त्याची पाठ ताठ होती, बोटं पांढरी पडली होती. तलावाची पाळ आली तेव्हा त्याने वेग इतका कमी केला की बाजूने चालणारी म्हैस पुढे गेली. वळण आलं. त्याने चाक फिरवलं, बुढी वळली. त्याने हात सैल केले, आणि चाक आपोआप, शहाण्यासारखं, सरळ झालं. पुढच्या वळणावर त्याने भोंगा वाजवला, कोणीही समोर नसताना.

इथे गोष्ट संपली असती, पण चारसहा खेपांनंतर चिंचेखाली पुन्हा काळा डाग दिसला. सुखरामचा चेहरा उतरला. "जाऊ दे," तो म्हणाला, "बुढीची खोडच ती."

"खोड नाई. मी काईतरी सोडलं," पंचफुला म्हणाली. ती पुन्हा खाली गेली, आर्म धरला, हलवला. बुश पक्की होती. चकत्या जागेवर होत्या. तरी तेल येत होतं, आणि फक्त गाडी लांबून आल्यावर येत होतं. सकाळी कधीच नाही. ती दोन दिवस त्याच विचारात होती. तिसऱ्या दिवशी सुखराम तुमसरहून आला तशी, इंजिन गरम असतानाच, तिने पेटीच्या वरचं तेल घालायचं बूच सैल केलं. फुस्स करून हवा सुटली आणि तिच्या तोंडावर तेलाचे शिंतोडे उडाले.

ती हसायलाच लागली. पेटीच्या अंगाशी इंजिनाच्या धुराचा पाइप होता. पेटी तापायची, आतली हवा फुगायची, आणि तिला जायला वाट नव्हती. भातावर झाकण घट्ट बसवलं की पेज कडेने उतू जाणारच. असल्या पेटीच्या बुचाला श्वास घ्यायला भोक असायला हवं. कधीतरी, ठेकेदाराच्या जमान्यात, मूळचं बूच हरवलं असणार आणि कोणीतरी साधा बोल्ट ठोकून दिला असणार. सगळ्या आजाराचं मूळ तो बोल्ट होता. तेल त्यानेच बाहेर ढकललं, तेल गेलं म्हणून बुश झिजली, बुश झिजली म्हणून आणखी तेल गेलं, आणि मग ग्रीस आलं. पंचफुलेने बोल्टाला बारीक भोक पाडून घेतलं, धूळ जाऊ नये म्हणून वर पत्र्याची छोटी टोपी बसवली. त्यानंतर चिंचेखाली कोंबड्या बसू लागल्या.

भय्याजी मेस्त्रीला हे सुखरामने जाऊन सांगितलं, जरा चढवूनच सांगितलं. भय्याजी सायकल मारत कोंढ्याला आला, बूच पाहिलं, टोपी पाहिली. "मी बोल्ट पाह्यला होता," तो म्हणाला, "पन मले वाटलं तो असाच असते." मग त्याने डोकं खाजवत विचारलं, "बाई, माह्याकडं दोन गाड्या अशाच गळून राहिल्या. पाठवू का?"

"पाठवा. पन गिरीस काढून पाठवा," पंचफुला म्हणाली.

तशा गाड्या येत गेल्या. आधी पवनीहून, मग लाखांदूरहून, तेंदूच्या हंगामात तर थेट चंद्रपूरकडच्या. चिंचेखाली पत्र्याचं छप्पर आलं. बेबीबाईने गिट्टीचं काम सोडलं आणि घण घेऊन कायमची इकडे आली. आर्म सोडवण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. दोघींची भांडणं रोज व्हायची, आणि ड्रायव्हर मंडळी चहा पीत ती ऐकत बसायची. पंचफुला आधी प्रत्येक ड्रायव्हरला गाडीखाली बोलवायची, त्याचा हात आर्मवर ठेवून स्वतः चाक हलवायची. "समजलं का?" ती वरून विचारायची. नाही समजलं म्हणणाऱ्याला ती पुन्हा हलवून दाखवायची.

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात गावामागचा तलाव पार आटला. तळाची माती फुटून टणक झाली होती. पोरं तिथे सायकली फिरवायची. एका सकाळी सुखराम बुढीला तिथे घेऊन गेला, मधोमध उभी केली आणि खाली उतरला.

"बस," तो म्हणाला.

"कोन?"

"तूच. साऱ्या दुनियेचं स्टेरिंग खोलतेस अन एकदाबी चालत्या गाडीचं चाक धरून पाह्यलं नाई."

पंचफुलेचे केस तेव्हा अर्धे पिकले होते. ती वर चढली. पाय पुरेनात म्हणून पाठीमागे गोणपाटाची गुंडाळी ठेवली. पहिल्यांदा बुढी उंदरासारखी उड्या मारत निघाली आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही तेच. काठावर बेबीबाई आणि दहावीस बाया जमल्या होत्या आणि मनसोक्त सल्ले देत होत्या. पंचफुलेने एकदा मान बाहेर काढून त्यांना गप्प केलं. तिसऱ्यांदा तिने क्लच हळूच सोडला, आणि बुढी चालू लागली.

सुखराम थोडा वेळ पायरीवर उभा राहून सांगत होता. दुसरा गिअर पडला, मोठं वळण आलं, चाक तिच्या हातात फिरलं आणि परत आलं. तसा तो चालत्या गाडीवरून खाली उतरला. पंचफुला एकटीच पुढे गेली. तलावाच्या तळाला तिने एक फेरी मारली, दुसरी सुरू केली. धुळीचा लोट उठला. सुखराम एका ढेकळावर टेकला, विडी पेटवली आणि ट्रककडे पाठ करून निवांत ओढत बसला.